केळीच्या खोडातून धागा: घड कापल्यापासून मागाच्या कांडीपर्यंत

घड गेला की केळीच्या खोडाला कोणी विचारत नाही. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात घड कापणीनंतर बांधावर, नाल्याकाठी, कधी थेट रस्त्याकडेला कापलेल्या खोडांचे ढीग पडतात, आठवड्याभरात कुजायला लागतात आणि त्यांचा वास गाडीच्या काचा बंद करून बसलं तरी आत येतो. याच खोडात धागा आहे हे आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मोबाईलवर मशीनचे व्हिडिओ फिरतात: एका बाजूने सोपट (खोडाचा सोललेला एक थर) आत, दुसऱ्या क्षणी पांढरेशुभ्र तंतू बाहेर. ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. खोडातून तंतू काढणं एका दिवसात शिकता येतं. त्या तंतूचा विणता येईल असा धागा करणं, तिथे खरी मेहनत आहे, आणि मशीन विकणारा त्याबद्दल सहसा काही बोलत नाही. म्हणून हा लेख पुढच्या अर्ध्या भागावर जास्त रेंगाळणार आहे.

आपल्याकडे अशा तंतूंना एक नेमका शब्द आहे: वाख. अंबाडीचा वाख, घायपाताचा वाख. दावं, कासरा, चऱ्हाट, शिंकं हे सगळं वाखाचंच. केळीचा वाख त्याच घराण्यातला, फक्त थोडा नाजूक आणि जास्त चमकदार. गोव्यात अबोलीचे वळेसर (गजरे) केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफतात, तोही हाच पदार्थ, अगदी कच्च्या रूपात.

आधी हिशेब

खोड दिसतं भलंमोठं, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. १०० किलो ओल्या खोडातून सुका तंतू निघतो जेमतेम एक किलो, आणि बऱ्याचदा त्याहूनही कमी. एका बऱ्यापैकी जाड खोडाचं वजन २०-२५ किलो धरलं तर हातात येतात १५० ते २०० ग्रॅम. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे १,७४२ झाडं बसतात. म्हणजे सगळी खोडं वापरली, एकही वाया गेलं नाही, असं मानलं तरी एकरी अडीचशे ते साडेतीनशे किलो. कोणी एकरी टनाच्या गोष्टी करत असेल तर चहा प्यावा आणि निघावं.

यातून दुसरी गोष्ट आपोआप कळते. खोडं ट्रॅक्टरमध्ये भरून दूर नेणं म्हणजे भाडं देऊन पाणी वाहणं. काम बांधावर किंवा गावातच झालं पाहिजे.

शिकण्यासाठी पाच खोडं पुरेत. मशीन घेऊ नका, उधारीवरही नको. आधी पाच खोडांचा वाख हाताने काढा, वळा, एक वीतभर कापड विणा. मग ठरवा.

खोड निवडणं

घड कापल्यावर शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खोड हाताशी घ्या. उभं खोड थोडं टिकतं, कापून आडवं पडलेलं टिकत नाही. उन्हात पडलेल्या खोडाची बाहेरची सोपटं तपकिरी होतात आणि तंतू गराला चिकटून बसतो.

खोडवा (त्याच झाडाच्या पिलापासून पुढचं पीक) घ्यायचा असेल तर मात्र एक थांबा. आईचं खोड जमिनीलगत छाटू नका. त्यातलं अन्न आणि पाणी काही आठवडे पिलाला मिळत राहतं, म्हणून बरेच शेतकरी तीन-चार फुटांचा बुंधा ठेवतात. तंतूसाठी वरचा भाग घ्या. थोडा वाख कमी मिळेल, पण पुढचा घड जास्त मोलाचा आहे.

खोडकिडा लागलेलं खोड टाळा. अळीने जिथे जिथे भोक पाडलंय तिथे तिथे तंतू तुटतो आणि कंगव्यात नुसते तुकडे येतात. मर रोगाचं झाड असेल तर ते खोड आपल्या शेतातून दुसरीकडे नेऊच नका, कितीही चांगलं दिसलं तरी. ती बुरशी मातीतून आणि झाडाच्या तुकड्यांसोबत पसरते आणि एकदा शेतात शिरली की वर्षानुवर्षं राहते.

सोपटं सोडवणं

केळीचं खोड हे खरं तर खोड नाहीच. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळून तयार झालेला तो खांब आहे. खोडाचे हात-दीड हात लांबीचे ओंडके करा. लांबी जास्त ठेवता आली तर उत्तम, कारण तंतू जितका लांब तितके पुढे जोड कमी. मग प्रत्येक ओंडका उभा चिरून सोपटं एकेक करून सोलून काढा.

आणि इथेच वेगळी ठेवा. सगळ्यात बाहेरची दोन-तीन सोपटं वाळलेली, डागाळलेली असतात, ती खतात. त्यानंतरची बाहेरची हिरवट सोपटं जाड, मजबूत, थोडा राठ वाख देतात. दोरी, पायपुसणं, टोपली यांसाठी उत्तम. मधली सोपटं विणकामाची. आतली अगदी पांढरी सोपटं रेशमासारखा तंतू देतात, पण तो अशक्त असतो. अगदी मधला गाभा तंतूचा नाही, तो भाजीचा. जपानच्या ओकिनावा बेटांवर किजोका गावात केळीच्या धाग्याचं ‘बाशोफू’ नावाचं कापड विणतात. तिथेही खोडाच्या थरांची बाहेरून आत अशी चार प्रतींत वाटणी होते आणि किमोनोचं कापड मुख्यतः तिसऱ्या, म्हणजे सर्वांत आतल्याच्या अलीकडच्या प्रतीतून येतं. एका किमोनोच्या कापडाला सुमारे दोनशे झाडं लागतात असं सांगतात. जपान सरकारने १९७४ साली या कलेला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, आणि ती महायुद्धानंतर पुन्हा उभी करणाऱ्या तोशिको ताइरा यांना २००० साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. त्यांची केळ आपल्या ग्रँड नैनसारखी खायची नाही, धाग्यासाठीच लावलेली असते. त्यामुळे त्यांच्या कापडाशी आपल्या पहिल्या तुकड्याची तुलना करून हिरमुसू नका.

तंतू काढणं

हाताने काढायला लागतं काय? एक गुळगुळीत फळी, एक बोथट पातं आणि बसायला पाट. पातं धारदार नको. धार तंतू कापते. जुन्या स्टीलच्या पट्टीची कड घासून गोल केली तरी चालते. साधं लोखंड नको. केळीच्या चिकात टॅनिन असतं आणि लोखंडाशी त्याचं जमलं की तंतू काळा पडतो. मी पहिल्यांदा विळ्याच्या पाठीने खरवडलं होतं, सगळा वाख शाईत बुडवल्यासारखा.

सोपटाची आतली बाजू, म्हणजे जाळीदार, मऊ बाजू, वर करून फळीवर ठेवा. एक टोक पायाच्या टाचेखाली किंवा चिमट्यात दाबा. पातं तिरकं धरून आपल्याकडे ओढा, हलक्या हाताने, आठ-दहा वेळा. आधी पाणी निघतं, मग फेसासारखा गर, मग एकाएकी पात्याखालचा आवाज बदलतो: भसभस जाते आणि कंगवा फिरवल्यासारखी खरखर येते. तो आवाज आला की थांबा. मग सोपट उलटं करून बाहेरच्या बाजूचा पापुद्रा तसाच काढा, नंतर दाबून धरलेलं टोक मोकळं करून उरलेला भाग. दिवसभर बसलात तर अर्धा किलो सुका वाख निघेल इतकंच, म्हणजे तीनेक खोडं.

मशीन याच खरवडण्याचं यांत्रिक रूप आहे. फिरत्या ढोलावर बोथट पाती बसवलेली असतात, समोर एक पट्टी, आणि दोन्हींच्या मधल्या फटीतून सोपट अर्धं आत घालून ओढून घ्यायचं. मग टोक बदलून उरलेलं. सगळी कला त्या फटीत आहे. फट घट्ट झाली तर तंतू तुटतो, सैल राहिली तर गर चिकटून राहतो. बाहेरच्या सोपटांना आणि आतल्यांना फट वेगळी लागते, म्हणून सोपटांची वाटणी आधी केली असेल तरच मशीनचा उपयोग. दिवसाला किती निघतो ते विकणाऱ्याला विचारू नका, मशीन चालवणाऱ्या बाईला विचारा. मला एकाने जो आकडा सांगितला होता त्याच्या तिसऱ्या हिश्शालाही आम्ही पहिल्या महिन्यात पोचलो नाही.

मशीनवर बसताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, बांगड्या आणि हातमोजेही नकोत. हातमोजा ढोलात अडकला तर हात घेऊन जातो. खाली सतत पाणी असतं आणि वर विजेची मोटर. अर्थिंग केल्याशिवाय बटण दाबू नका.

पहिले दोन तास

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: वाख निघाला की लगेच धुवा.

केळीचा डाग कपड्यावरून जात नाही हे बागेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो चीक हवेत तपकिरी होतो आणि तंतूवर बसला की त्यालाही सोडत नाही. आमच्या घरात एकदा लग्नाला जायचं होतं. काढलेला वाख टोपलीत भरून, वर ओलं गोणपाट टाकून गेलो, म्हटलं सकाळी धुऊ. सकाळी टोपलीत गंजलेल्या तारेसारखा गुंता होता. तीन पाण्यांनी धुतला, सोड्यात उकळला, काही फरक नाही. शेवटी त्याची झाडूची बांधणी झाली.

तेव्हा बादल्या आधी भरून ठेवा. पहिल्या पाण्यात गर आणि चीक, दुसऱ्यात फेस, तिसऱ्यात पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. पिळू नका, पिळल्याने गुंता होतो. केसांची वेणी घालण्याआधी जशी बट हातात धरून पाणी निथळवतात तसं वरून खाली बोटं फिरवा.

वाळवायचं सावलीत, दोरीवर, जुड्या पसरून. कडक उन्हात तंतू पिवळट आणि ठिसूळ होतो. पूर्ण वाळलेला वाख मुठीत दाबून सोडला की परत फुलतो. ओलसर असेल तर मुठीचा आकार धरून बसतो. ओलसर वाखाचा गठ्ठा बांधला तर पंधरा दिवसांत बुरशीचे काळे ठिपके. वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने विंचरा. कंगव्यात अडकलेले तुकडे फेकू नका; ते कागद बनवणारे किंवा उशा भरणारे घेतात.

चोथ्याचं काय? खोडात पालाश (पोटॅश) भरपूर असतं. आपण खोडं उचलून नेली तर तेवढं पालाश शेतातून गेलं. म्हणून खरवडलेला गर आणि पाणी परत शेतात गेलंच पाहिजे, गांडूळ खत करून किंवा तसंच कुजवून. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप खत तयार करून दाखवलंय. तेवढं जमलं नाही तरी निदान नाल्यात सोडू नका.

सोड्यात उकळणं

दोरी वळायची असेल तर ही पायरी सोडून द्या; नुसता वाळलेला वाख उत्तम. कापड करायचं असेल तर तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग काही प्रमाणात काढावा लागतो. नाहीतर प्रत्येक तंतू म्हणजे अनेक बारीक तंतूंची चिकटलेली पट्टी असते, आणि कापड गोणपाटासारखं टोचतं.

१०० ग्रॅम सुक्या वाखाला तीन लिटर पाणी आणि १० ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे, त्याने काम होत नाही. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो, काळं पडतं आणि तो काळेपणा वाखावरही येतो. कॉस्टिक सोडा घरात आणू नका. गिरणीत तो वापरतात, पण तिथे मोजमाप, हातमोजे, गॉगल असतात. घरी डोळ्यात थेंब उडाला तर तेवढंच पुरे.

जुडी सैल सुतळीने दोन ठिकाणी बांधून सोडा, म्हणजे गुंता होणार नाही. मंद उकळीवर पाऊण तास ते तास. पाणी गडद चहासारखं होतं. तंतू काढून दोन बोटांत चोळून बघा: आधी मेण लावल्यासारखा वाटायचा तो आता निसटता, मऊ लागतो. जास्त वेळ ठेवला तर तंतू तुटायला लागतो, कारण तो डिंकच आतल्या आखूड पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतो. सगळा डिंक काढायचा नाहीये, थोडा ठेवायचाय.

गार झाल्यावर साध्या पाण्याने दोनदा धुवा, तिसऱ्या पाण्यात एक चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस, मग पुन्हा साधं पाणी. सोडा आत राहिला तर वाख हळूहळू पिवळा पडतो. जुन्या पद्धतीत सोड्याऐवजी लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी वापरत. किजोकात आजही राखेच्या पाण्यातच उकळतात. राख चाळून पाण्यात रात्रभर ठेवायची आणि वरचं पाणी घ्यायचं. ते बोटांना बुळबुळीत लागलं की तयार, पण तेही त्वचेला झोंबतं, जपून.

पांढरा शुभ्र हवा म्हणून ब्लीचिंग पावडर टाकू नका, तंतू कमजोर होतो. केळीच्या वाखाचा स्वतःचा साईसारखा रंग चांगला दिसतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वाळत आला, पण अजून थोडा दमट आहे, अशा वेळी लाकडी दांडक्याने हलकेच कुटा आणि दोन्ही हातांत धरून चोळा, कपडे धुताना चोळतो तसं. मग खोबरेल तेलाचे पाच-सहा थेंब कोमट साबणाच्या पाण्यात घुसळून तो शिडकावा द्या. तागाच्या गिरण्यांतही वाख मऊ पडावा म्हणून तेल-पाण्याचं मिश्रण वापरतात.

वाख ते धागा

आता खरी गंमत. कापसाची पेळू (पिंजलेल्या कापसाची वळकटी) धरून चरखा फिरवला की सूत निघतं, कारण कापसाचे आखूड, मऊ तंतू एकमेकांत सरकत अडकतात. केळीचा वाख तसा नाही. तो लांब, चपटा, गुळगुळीत आहे. पेळू केली तर निसटतो. म्हणून इथे सूत ‘काततात’ असं म्हणण्यापेक्षा ‘जोडतात आणि वळतात’ असं म्हणायला हवं. दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता गाठींचा. जुडीतून सारख्या जाडीचे तंतू सोडवा. जाड असेल तर नखाने टोकापासून उभा फाडून दोन करा. मग एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला, मागावर तुटलेलं सूत जोडतात त्या चपट्या गाठीने बांधा आणि गाठीची शेपटं जवळ कापा. हा जोडलेला धागा टोपलीत चकली पाडावी तसा गोल गोल सोडत जा, गुंता होणार नाही. पुढे चरखा किंवा तकली वापरायची ती फक्त पीळ देण्यासाठी. गाठी असलेला धागा जरा राठ, पण मजबूत. किजोकात हेच करतात.

दुसरा रस्ता मांडीवर वळायचा, आणि हा मला माझ्या सासूबाईंनी शिकवला, न शिकवता. मी यूट्यूबवर बघून बघून रडकुंडीला आले होते, तेवढ्यात त्या बाहेर आल्या, माझ्या हातातला वाख घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर वात वळणं झालं!” समईच्या वाती वळणाऱ्या बाईच्या हातात हे कसब आधीच असतं.

करायचं असं. चार-पाच तंतूंची एक बट, तशीच दुसरी बट. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी, मध्ये बोटभर अंतर, टोकं डाव्या हाताच्या चिमटीत एकत्र. मांडीवर जुन्या जीन्सचा तुकडा टाका, नाहीतर कातडी सोलते. उजवा तळवा किंचित ओला करा. दोन्ही बटा तळव्याखाली घेऊन गुडघ्याकडे एकदाच लोटा. दोघींना वेगवेगळा पीळ बसतो. आता तळवा न उचलता दोन्ही बटा एकमेकींना चिकटवा आणि तळवा मागे, स्वतःकडे ओढा. दोघी उलट्या दिशेने एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. सोडून बघा, उलगडत नाही. उलट पिळाचं हेच गणित आहे. एकीचा पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरी तिला घट्ट करते. कासरा असो, दोरखंड असो की शिवणकामाची रीळ, सगळीकडे हेच.

एक बट संपत आली, चार बोटं उरली, की नवे तंतू तिच्या पोटात घालून पुढे वळा. दोन्ही बटांना एकाच जागी जोड देऊ नका. एका जोडापासून दुसरा निदान वीतभर लांब हवा. नवशिके इथेच चुकतात आणि मग मागावर धागा नेमका तिथे तुटतो. दुसरी चूक जाडीची: सुरुवातीला सगळेच जाड वळतात. एका बटेत किती तंतू हे मोजा, अंदाजाने घेऊ नका. आधी पाच-पाच, हात बसला की तीन-तीन.

पहिल्या दिवशी मला तासाभरात आठ-दहा मीटर धागा जमला, तोही बेडूक गिळलेल्या सापासारखा, मध्येच फुगलेला. सासूबाईंचा तेवढ्याच वेळात माझ्या तिप्पट आणि एकसारखा. आता वेळेचा अंदाज घ्या: ३० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर लांब तुकड्यात, सेंटिमीटरला आठ आडवे धागे धरले तर ४८० फेरे, म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर धागा. हातरुमालाएवढ्या कापडामागे नवशिक्याचे पंधरा-एक तास फक्त वळण्यात जातात. केळीच्या धाग्याच्या वस्तूची किंमत सांगताना कोणी ‘कचऱ्यापासून तर केलंय’ म्हणालं की हा आकडा त्याला सांगा.

तिसरा रस्ता गिरणीचा आहे, घरचा नाही: वाख रासायनिक प्रक्रियेने बारीक करायचा, कापसाच्या तंतूएवढा आखूड कापायचा आणि कापसात मिसळून यंत्रावर कातायचा. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे; कापसाबरोबर केळीच्या तंतूवरही तिथे काम झालंय. गट करून मोठं काही करायचा विचार असेल तर मशीनवाल्याकडे जाण्याआधी अशा ठिकाणी नमुना घेऊन जा.

रंग, थोडक्यात

धाग्याच्या लडी करा आणि विणण्याआधीच रंगवा. केळीचा वाख वनस्पतीचा, त्यामुळे तुरटी एकटी त्यावर नीट धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर (१०० ग्रॅम धाग्याला २० ग्रॅम हिरडा पूड), मग तुरटीत (१५ ग्रॅम), मग रंगात. डाळिंबाच्या सालींचा पिवळा टिकाऊ, हळदीचा पिवळा देखणा पण उन्हात उडतो. लोखंडाचे खिळे टाकलेलं पाणी वापरलंत तर राखाडी-काळा येतो. विळ्याने मी चुकून केलं तेच, यावेळी मुद्दाम.

मागावर

मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा. ताण्यावर सगळा जोर येतो, तो सतत घासतो, म्हणून पहिली अनेक वर्षं ताणा सुती ठेवा आणि केळीचा धागा फक्त बाण्यात. तामिळनाडूत चेन्नईजवळच्या अनकापुत्तूरच्या विणकरांनी केळीच्या धाग्याच्या साड्या केल्या. त्याही केळीबरोबर दुसरे धागे घेऊनच विणल्या जातात.

मोठा माग नसला तरी चालतो. लाकडी चौकटीवर खिळे ठोकून त्यावर सुती ताणा लावा, सेंटिमीटरला चार-पाच धागे. चौकटीवर फणी म्हणून जाड दातांचा कंगवा. घडातली ती फणी, केस विंचरायची ती फणी आणि मागावर बाणा ठोकायची ती फणी. केळीच्या धाग्याचं काम करताना दिवसातून तिन्ही हातात येतात.

कांडी (बाण्याचा धागा गुंडाळायची नळी) भरण्याआधी धागा तासभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. कोरडा केळीचा धागा कडक होतो, वळणावर मोडतो. ओकिनावात विणकर पावसाळी दिवसांना पसंती देतात ते याचसाठी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, हवा तव्यासारखी. तेव्हा मागाला हात लावू नका, उन्हाळ्यात वाख काढून ठेवा आणि श्रावणात विणा. मधल्या काळात विणायचंच असेल तर खोलीत ओलं गोणपाट टांगा आणि कांडी पाण्याच्या वाटीशेजारी ठेवा.

धोटा (कांडी घेऊन ताण्यातून आरपार जाणारं लाकडी साधन) टाकताना बाणा सरळ ताणू नका, थोडा कमानीसारखा सैल ठेवून मग फणीने ठोका. केळीचा धागा सुतासारखा ताणला जात नाही. सरळ ताणून ठोकत गेलात तर कापडाच्या कडा दर वितीला आत खेचल्या जातात आणि तुकडा डमरूच्या आकाराचा होतो. माझे पहिले दोन तुकडे तसेच आहेत, एक देवघरात घंटेखाली घातलाय.

ताण्याला खळ लावली असेल तर तुकडा उतरवल्यावर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, खळ सुटू द्या, चोळू नका. वाळताना अजून दमट असतानाच इस्त्री फिरवा. पूर्ण वाळल्यावर केलेली इस्त्री सुरकुत्या काढत नाही, पक्क्या करते. वर काही तंतूंची टोकं उभी राहतील, ती कात्रीने कापा, ओढू नका.